खळ्यावरची तार : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२५

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजपासून ही वही. एरवी हिच्यात काजूबियांचा हिशेब असतो. मागची पानं कोरी होती, ती या कामाला घेतली.

सकाळी साडेनऊला कलमांवर फवारणी करणारा गडी पंप घेऊन खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, मागच्या बाजूला निघाला. फवारणीची लांब नळी त्याने खांद्याशी उभी धरली होती. मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. नळीचं वरचं टोक विजेच्या तारेच्या खालून गेलं. मध्ये अंतर किती होतं? वीतभर, फार तर हातभर. मी ओरडले, तसा तो जागीच थांबला आणि वर बघायला लागला. नळी पितळेची आणि ओली, त्याच्या पायात चप्पल नाही, खाली सकाळी शिंपडलेलं खळं.

त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "वहिनी, तार एवढी खाली असते होय?" पाच वर्षं आम्ही तिच्याखालून ये-जा करतोय, पण हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. आम्हाला सवय झाली होती. काठी आडवी धरायची, शिडी आडवी न्यायची, मुलांना ओरडायचं, एवढंच. आता हे पुरे.

१० फेब्रुवारी

आधी इतिहास लिहून ठेवते. पुढे कुणी विचारलं तर आठवणीवर भिस्त नको.

आमची वाडी दापोली तालुक्यातली. गावातल्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) वाडीत लाईट येते ती तीन तारांची, एकाखाली एक. वरच्या दोन घरांना लाईट देणाऱ्या आणि सगळ्यात खालची रस्त्यावरच्या दिव्यांची. खालची तार दिवसा बंद असते, म्हणून वाडीत सगळेच तिला 'मेलेली तार' म्हणतात. वाऱ्याने वरची जिवंत तार तिला चिकटली तर दिवसाढवळ्या तीही जिवंत होईल, हे कुणी ध्यानात घेत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. आम्ही खाडीच्या अलीकडे असलो तरी आमच्या तालुक्याची आणि मंडणगडची काय दशा झाली ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमची कौलं उडाली, फणस घराच्या मागे आडवा झाला आणि खळ्याच्या बांधावरचा सिमेंटचा खांब कमरेतून मोडला. लाईट यायला २६ दिवस लागले. बाहेरून आलेल्या टोळ्या दिवसरात्र राबत होत्या. त्या माणसांना आम्हीच पेज-भाकरी दिली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मोडलेला खांब त्यांनी बाजूला केला आणि तारा सरळ अलीकडच्या खांबावरून पलीकडच्या खांबावर ओढल्या. मधला खांब नंतर बसवतील, असं ठरलं होतं. ते 'नंतर' काही आलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, तीही इथे लिहायलाच हवी. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही छप्पर नव्याने केलं. कौलांऐवजी लोखंडी कैच्या आणि पत्रे घातले आणि पडवीचं छप्पर फूटभर वर घेतलं. तार तेव्हाही तिथेच होती. आम्ही वर पाहिलं नाही.

११ फेब्रुवारी

आज माप घेतलं. तारेजवळ काही न्यायचं नाही, ही पहिली अट. टेप नाही, काठी नाही, दोरी नाही. वाळलेला बांबू वीज नेत नाही असं लोक म्हणतात. त्यावर मी माझा हात ठेवणार नाही, कारण बांबूत ओल किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

लग्नाआधी मी ठाण्यात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढत होते, त्यामुळे कोनावरून उंची काढणं अंगवळणी पडलेलं आहे. मुलगी नववीत आहे, तिचाही त्रिकोणमितीचा धडा झालाय. तिच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या मध्याला दोरा बांधला आणि दोऱ्याला नट अडकवला. सरळ कडेवर बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली. नळीतून तार दिसली की दोरा कुठे टेकतो ते दुसऱ्याने वाचायचं.

पडवीच्या कोपऱ्यापाशी तार जिथून जाते, बरोबर त्याच्या खाली जमिनीवर दगड ठेवला. दगडापासून तारेला काटकोनात १० मीटर मोजले आणि तिथे उभी राहिले. जमिनीपासून माझा डोळा १.४६ मीटरवर. कोन आला २१ अंश. २१ अंशाचा टॅन ०.३८४, म्हणजे ३.८४ मीटर, त्यात १.४६ मिळवले की ५.३०. ही सकाळी साडेसातची उंची.

दुपारी अडीचला पुन्हा तिथेच उभी राहिले. कोन २० अंश, उंची ५.१० मीटर.

एक अंश चुकला तर वीस सेंटिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून दोन्ही वेळी तीन-तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. पण सकाळ-दुपारचा फरक खरा आहे की आमच्या हाताचा, हे उद्या पुन्हा बघायचं.

१२ फेब्रुवारी

फरक खरा आहे. आज सकाळी पुन्हा २१, दुपारी पुन्हा २०. उन्हाने तार तापते, लांबते आणि झोळ वाढतो. पाऊण-एकशे मीटरच्या तारेत लांबी दोनेक सेंटिमीटर वाढली तरी मध्यावर तार वीसेक सेंटिमीटर खाली येते. मुलीला हे पटेना. मग मी खुंट्यांना सुतळी बांधून दाखवली, बोटभर सैल सोडली की मध्ये केवढी लोंबते ते.

जमिनीवरची बाकीची मापं :

अलीकडच्या खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत ७८ मीटर. मोडलेल्या खांबाचा बुंधा अजून बांधात आहे, सळ्या वर आलेल्या. तिथपर्यंत एकीकडून ४० आणि दुसरीकडून ३८. म्हणजे दोन गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) एक झाला. ताण तेवढाच ठेवून गाळा दुप्पट केला तर झोळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. आमच्या खळ्यावर नेमकं हेच लोंबतंय.

पडवीच्या पत्र्याची उंची तारेखाली ३.७० मीटर. ही टेपने घेतली, घराच्या आतून, पत्र्याच्या खालून. वरून नाही.

५.१० उणे ३.७० = १.४० मीटर.

१४ फेब्रुवारी

वीज कंपनीकडे अर्ज दिला. लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या मसुद्यात मी 'अत्यंत धोकादायक', 'कधीही अनर्थ घडू शकतो' असं बरंच लिहिलं होतं. ते सगळं काढलं. अशा शब्दांचे अर्ज त्यांच्याकडे रोज येत असणार. आकडे ठेवले.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आहेत, आधी २०१० चे, आता त्यांच्या जागी २०२३ चे. साडेसहाशे व्होल्टपर्यंतची उघडी तार घरावरून जात असेल तर छपराच्या सर्वांत उंच भागापासून ती निदान २.५ मीटर वर हवी. घराच्या बाजूने जात असेल तर आडवं अंतर निदान १.२ मीटर हवं. आणि हे माप तार जास्तीत जास्त तापलेली, जास्तीत जास्त लोंबलेली असताना घ्यायचं, वाऱ्याने ती झुलते तेही धरून. आमच्याकडे २.५ च्या जागी १.४ आहे, तेही फेब्रुवारीत. एप्रिल-मे अजून यायचाय.

सोबत हाताने काढलेला नकाशा, मापांचा तक्ता (तारीख, वेळ, कोन), चार फोटो आणि ग्रामपंचायतीचं पत्र. एक प्रत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांना रजिस्टर पोस्टाने. ते सरकारचे असतात, वीज कंपनीचे नव्हेत, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. उपविभागाच्या कार्यालयात आवक क्रमांक घालून पोच घेतली. तिथले बाबू म्हणाले, "ताई, ठेवून जा, पोच कशाला?" मी बाकावर बसून राहिले. वीस मिनिटांनी शिक्का मिळाला.

२१ फेब्रुवारी

रात्री वारा. साडेअकराला खळ्यात उजेड पडला, निळा, क्षणभर. तारा एकमेकींवर आपटल्या होत्या. ठिणग्या पेंढ्याच्या उडवीपासून चार पावलांवर पडल्या. सासरे उठून बाहेर आले, मी बादली घेऊन. काही पेटलं नाही. १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवली आणि क्रमांक वहीत घेतला.

सकाळी उडवी मोडून गोठ्यामागे नेली. दिवसभराचं काम, पण ते आधीच करायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी

वायरमनदादा आले. आमच्या भागात पाच-सहा गावांना ते एकटेच, त्यामुळे त्यांना चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. डीपीवरून लाईट बंद करून त्यांनी तारांमध्ये दोन ठिकाणी प्लॅस्टिकचे स्पेसर अडकवले. आता वाऱ्याने तारा आपटणार नाहीत. तारा जरा ओढून घेता येतील का, असं मी विचारलं. त्यांनी अलीकडच्या खांबाकडे बोट दाखवलं. खांब आधीच आमच्या बाजूला कललाय. आणखी ओढलं तर तोही येईल. पटलं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. तार तुटून खाली पडली तर फ्यूज जाईलच असं नाही. आमची जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी खडखडीत. तिच्यातून वीज नीट जात नाही. चार-पाच अँपिअर जमिनीत जातात, तेवढ्याने डीपीवरचा फ्यूज उडत नाही, आणि तार जिवंतच पडून राहते. माणूस मरायला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी वीजही पुरते. म्हणून पडलेली तार मेली आहे की जिवंत, हे वायरमनशिवाय कुणी ठरवायचं नाही. वाडीतल्या सगळ्या घरी हे जाऊन सांगितलं. मुलांना दोनदा.

खळ्यात तारेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरवर चुन्याच्या रेघा ओढल्या. या पट्ट्यात उभी वस्तू न्यायची नाही. सारवलं की पुन्हा ओढायच्या.

४ मार्च

शाखा अभियंता साहेब सकाळी आठला येऊन गेले. तरुण आहेत, बोलणं सरळ. त्यांच्याकडे इन्सुलेटेड मोजकाठी होती. तिने जमिनीपासून तार ५.२८ भरली. माझ्या कोनमापकाचे ५.३० होते. मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता.

ते म्हणाले, "रस्ता सोडून इतर जागी जमिनीपासून ४.६ मीटर लागतात. तुमच्याकडे पाच-सव्वापाच आहेत. मग नियमात बसतं." मी म्हटलं, साहेब, ते मोकळ्या जमिनीचं. खाली घर आहे, तिथे माप छपरापासून घ्यायचं. त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, आणि दुपारी घ्यायचं. ते घड्याळ बघायला लागले. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "साहेब, आंबोळ्या करत्ये, दुपारपर्यंत थांबा." ते थांबू शकले नाहीत, पण दोन वाजता वायरमनदादांना मोजकाठी देऊन परत पाठवलं. दुपारचं माप ५.०७. छपरापासून १.३७. दादांनी माझ्या वहीत सही केली.

जाताना साहेबांनी जे विचारलं त्याची मला भीती होतीच. "छप्पर कधी वाढवलं?"

नियम असा आहे की लाईन आधीची असेल आणि तिच्याखाली घर बांधायचं किंवा उंच करायचं असेल, तर आधी वीज कंपनीला कळवायचं आणि लाईन हलवायचा खर्च घरवाल्याने द्यायचा. आम्ही कळवलं नव्हतं. मी खरं सांगितलं : नोव्हेंबर २०२०, फूटभर.

६ मार्च

दोन दिवस झोप नीट नाही. नवऱ्याला फोन केला. तो मुंबईत असतो, शिमग्याला येईल. तो म्हणाला, "छपराचं कशाला बोललीस?" चिडून नाही, काळजीने. पण ज्या वहीत मी सही घेते, तिच्यात अर्धं कसं लिहू?

मग बसून हिशेब केला. मधला खांब असता तर ४० मीटरच्या गाळ्यात पडवीपाशी तार साधारण ५.९५ वर राहिली असती. जुनं छप्पर ३.४० होतं, म्हणजे अंतर २.५५. नियमात. नवं छप्पर ३.७० धरलं तर २.२५, म्हणजे पाव मीटर कमी. आज प्रत्यक्ष आहे १.३७. जे ११३ सेंटिमीटर कमी पडतात, त्यांतले २५ आमच्या छपराचे आणि ८८ मोडलेल्या खांबाचे.

हाच हिशेब दुसऱ्या अर्जात घातला. आमच्या २५ सेंटिमीटरचं आम्ही बघू. खांब कंपनीने बसवावा. खांब आधी मोडला आणि छप्पर नंतर झालं, याला पुरावा : वादळाच्या नुकसानीचा तलाठ्यांचा पंचनामा, आणि मुलीच्या आत्याने ५ जून २०२० ला मोबाईलवर काढलेला फोटो. त्यात उघडं घर, आडवा फणस आणि मोडका खांब, तिन्ही दिसतात.

१८ मार्च

आज आमच्या घरी पालखी.

गेल्या चार शिमग्यांत पालखी खळ्यात नाचताना माझं लक्ष देवाकडे नव्हतं, वर होतं. खांदेकरी बेभान असतात. पालखी वर उडते, तिच्या मागे अब्दागिरी, आणि सगळ्यांहून उंच निशाणाची काठी. कुणी कुणाला 'जपून' म्हणायची ती वेळ नसते. यंदा बाबा, म्हणजे सासरे, आधीच मानकऱ्यांकडे गेले आणि वही समोर ठेवली. पालखी चुन्याच्या रेघेच्या अलीकडे नाचवावी आणि निशाण पाणंदीतच उभं करावं, असं त्यांना सांगायचं होतं. मानकरी जुने आहेत, आमच्या बाबांच्याच वयाचे. ते म्हणाले, "देवाला अर्ध्या खळ्यात कशाला? पालखी असेपर्यंत वाडीची लाईट बंद ठेवू." वायरमनदादांना सांगितलं. त्यांनी साहेबांना विचारलं, परवानगी आली.

संध्याकाळी सात ते पावणेआठ सगळी वाडी अंधारात. बत्त्या काढल्या, पडवीत समया लावल्या. दादा स्वतः डीपीपाशी उभे राहिले, कुणी चुकून चालू करू नये म्हणून. पालखी अख्ख्या खळ्यात नाचली, निशाणही आत आलं, तारेपासून मात्र लांबच धरलं. आईंनी ओटी भरली. मी कितीतरी वर्षांनी पालखीकडे बघितलं. बत्तीच्या पिवळ्या उजेडात रूपं (देवांचे मुखवटे) हलताना दिसतात, ती विजेच्या दिव्यात तशी दिसत नाहीत.

३० मार्च

पाडवा. गुढी दरवर्षी खळ्याच्या तोंडाशी उभारतो. यंदा पूर्वेच्या खिडकीला, बांबू निम्मा कापून. गुढी छान दिसली.

७ एप्रिल

कंपनीचं पत्र आलं, जावक क्रमांकासह. मधला खांब देखभालीच्या कामातून बसवायला तत्त्वतः मान्यता. मात्र जुन्या जागी बसवला तर छपरापासूनचं अंतर पुरत नाही, म्हणून जागा बदलावी लागेल. नव्या जागेला जमीनमालकाची लेखी संमती आणावी.

विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातूनही वीज कंपनीला पत्र गेलंय, त्याची प्रत मला मिळाली. दोनच ओळी, 'पाहणी करून अंतर नियमानुसार करावे व अहवाल द्यावा'. त्या ओळींनी किती काम झालं असेल ते माहीत नाही, पण ५० रुपयांपेक्षा कमी टपालखर्चात माझ्या अर्जाची प्रत त्यांच्याकडे गेली होती.

जागा कुठे हवी ते नकाशावर काढलं. खांब बांधाच्या पलीकडे अडीच मीटर सरकवला तर तारा पडवीवरून न जाता पडवीच्या बाहेरून जातील. पडवीचा कोपरा खांबापासून १२ मीटरवर आहे, तिथे तारा १.७५ मीटर बाहेर सरकतात. आज त्या छपराच्या कडेपासून अर्धा मीटर आत आहेत. म्हणजे कडेपासून सव्वा मीटर मोकळं. नियम १.२ चा. काठावर पास, आणि वाऱ्याचं झुलणं धरलं तर नापास. म्हणून पत्र्याची वळचण ४५ सेंटिमीटर कापायची. तो आमचा वाटा. मग १.७० मिळतात.

बांधाच्या पलीकडची जमीन तात्यांची.

१३ एप्रिल

तात्या बाबांचे चुलतभाऊ. १९९८ साली याच बांधावरून दोन्ही घरांत बोलणं बंद झालं होतं. मी या घरात आले तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, सणापुरतं. त्यामुळे जायचं कुणी, यावर घरात दोन दिवस गेले. शेवटी बाबा म्हणाले, "मीच जातो. धाकटा मी आहे." मी बरोबर गेले, नकाशा घेऊन.

तात्यांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ बघितला. कोकम सरबत आलं. मग ते म्हणाले, "खांब माझ्या काजूत येणार." बाबा म्हणाले, "होय. बांधापासून दोन पावलं." तात्या म्हणाले, "आणि ताण?" मला वाटलं होतं त्यांच्या ते लक्षात येणार नाही. लाईन सरळ न जाता वाकली की वाकलेल्या खांबाला उलट बाजूने ताणाची तार द्यावी लागते, आणि ती त्यांच्याच जमिनीत आणखी आत रोवावी लागते.

तात्या जागा देतो म्हणाले, एका अटीवर. ताण गोठ्याच्या वाटेवर नको. पलीकडच्या वाडीत त्यांच्या मेव्हण्याची गाभण म्हैस ताणाच्या तारेला अंग घासताना गेली होती, पावसात. ताणाच्या तारेत मध्ये चिनी मातीचं अंडं (वीज अडवणारा अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर) नसलं आणि वर खांबावर कुठे वीज उतरली, तर तो ताण खालपर्यंत जिवंत होतो. बाबांनी शब्द दिला. मी कागदावर लिहिलं, तात्यांनी सही केली. काकी आत बोलावून म्हणाल्या, "पालखीच्या दिवशी लाईट घालवलीत ते बरं केलंत. माझापण जीव टांगणीला असतो दर वर्षी, इथून दिसतं ना." त्यांच्या ओट्यावरून आमचं खळं पूर्ण दिसतं, हे मी आज पाहिलं.

२ मे

कामाला मंजुरी. खांब दापोलीच्या गोदामात आहे, गाडी मिळाली की येईल. चाकरमानी आलेत, आंबा काढणं जोरात. आंबे काढायचे झेले यंदा लाकडीच वापरायचे, नवीन आलेले ॲल्युमिनियमचे नाहीत, असं सगळ्या गड्यांना सांगितलं. दुपारची तार ५.०० वर. अख्ख्या उन्हाळ्यातली सगळ्यात खालची.

११ मे

सुताराकडून वळचण कापून घेतली. पन्हळ नवीन बसवली. लाईट बंद करून, दादा हजर असताना. मजुरी आणि सामान मिळून ६,८०० रुपये.

१९ मे

खांब आला. खड्डा दीड मीटर खोल लागतो. वर हातभर माती, मग जांभा. चार माणसं पहारी घेऊन दिवसभर, तरी मीटरभरच झाला.

२० ते २८ मे

पाऊस. वळीव म्हणावा असा नाही, रात्रंदिवस लागलेला. २४ ला केरळात मोसमी पाऊस आल्याचं जाहीर झालं आणि २६ ला तो मुंबईतसुद्धा पोचला. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या हिशेबाने आम्ही सगळं आखलं होतं. खड्डा विहिरीसारखा भरला. रोज सकाळी उपसायचा, संध्याकाळी पुन्हा भरलेला. कडा ढासळू नयेत म्हणून तात्यांनी आपणहून झापं आणून टाकली आणि भोवती काट्या लावल्या, गुरं पडू नयेत म्हणून.

२३ ला रात्री वारा होता. स्पेसर टिकले. मी जागीच होते.

३१ मे

उघडीप. खड्डा पुरा झाला, तळाला दगड बसवला. अकरा माणसं, दोर आणि बांबूंची कैची लावून खांब उभा केला. वाडीतले, तात्यांकडचे, मुंबईहून आलेले दोघे. बाबा आणि तात्या बांधावर उभे राहून दोघेही एकदमच सूचना देत होते. ओळंबा धरून सरळ केला, भोवती खडी-सिमेंट. आता सात दिवस तारांचा भार द्यायचा नाही.

९ जून

तारा हलवल्या. टोळी सकाळी साडेआठला आली. परमिट घेतलं, डीपी बंद, आणि मग खांबावर चढण्याआधी त्यांनी तिन्ही तारा एकमेकींना जोडून जमिनीला जोडल्या (अर्थिंग केलं), कामाच्या दोन्ही बाजूंना. डीपी बंद असताना हे कशाला, असं मुलीने विचारलं. टोळीप्रमुख म्हणाले, "बाळ, कुणाच्या घरी इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर वीज मागून येते." वाडीत तीन घरांत इन्व्हर्टर आहेत. एक आमचं.

जुने दोन सांधे कापून नवीन केले. एका सांध्यात ॲल्युमिनियमच्या सहा तारांपैकी दोन तुटलेल्या होत्या आणि आतली पोलादी तार गंजलेली. खाऱ्या हवेत असं होतं म्हणाले. तो तुकडा मी ठेवून घेतला.

चिमण्या (तारा धरणारे चिनी मातीचे इन्सुलेटर) बसल्या, तारा नव्या खांबावर आल्या. अलीकडच्या कललेल्या खांबालाही त्याच दिवशी ताण दिला. साडेचारला लाईट आली.

एक गोष्ट राहत होती. तात्यांच्या जमिनीतल्या ताणात अंडं नव्हतं. सामानात आलं नाही, पुढच्या फेरीला लावू म्हणाले. मी कागद दाखवला, तात्यांच्या सहीचा. टोळीप्रमुखांनी वाचला, साहेबांना फोन लावला. अंडं संध्याकाळी सहाला दुचाकीवरून आलं आणि अंधार पडायच्या आत लागलं. जमिनीलगत ताणावर पिवळा प्लॅस्टिकचा पाइप चढवला. तात्या कंदील घेऊन शेवटपर्यंत उभे होते.

१५ जून

दुपारी दोन तास कडक ऊन पडलं. मुलीने कोनमापक काढला. तोच दगड आता उपयोगाचा नाही, तार सरकलीय. नवीन दगड ठेवला, नव्याने १० मीटर मोजले. कोन २४ अंश. ४.४५ आणि १.४६, म्हणजे ५.९१ मीटर. पत्र्याच्या कडेपासून तारेच्या उभ्या रेषेपर्यंत जमिनीवर टेपने १.६८.

दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ घालून उपविभागाला आणि निरीक्षकांना कळवले. सोबत आभाराचं पत्र.

बाकी : जुन्या खांबाचा बुंधा, सळ्यांसकट, बांधात तसाच आहे. मुलांच्या पायाला लागेल. तो काढण्यासाठी आज वेगळा अर्ज लिहिला. तोवर सळ्यांवर नारळाच्या करवंट्या उलट्या घालून बांधल्यात. खळं सारवलं, चुन्याच्या रेघा पुन्हा ओढल्या नाहीत.

१६ जून

पोच मिळाली. आवक क्रमांक वहीत घेतला.